लिडीचा निळा छाप

रोझलीनचं सगळंच घाईचं. पण न्यू कॅलेडोनियाच्या त्या डोंगरवस्तीत अँबोरेलाच्या झुडपाचे निळे छाप काढावेत तर तिनेच. जगातल्या फुलझाडांत हे सगळ्यांत जुनं, असं शिकलेसवरलेले लोक म्हणत. पांढऱ्या कापडाला औषध लावून अंधारात वाळवायचं, वर फांदी ठेवून उन्हात धरायचं, मग धुवायचं. ऊन लागलं तेवढं निळं होतं आणि फांदीच्या सावलीखालचं पिवळं औषध धुऊन जाऊन पांढरं राहतं.

फांदी तोडण्याआधी जंगल राखणाऱ्या पूर्वजांपुढे कापड आणि कंद ठेवायचा, दोन शब्द बोलायचे, हा तिथला रिवाज. त्या दिवशी नूमेआ शहरातल्या प्रदर्शनाची घाई होती. रिवाजाचं कापडही तिने छापालाच घेतलं आणि सरळ कोयता चालवला. मागे वळून बघते तो लिडी नाही. तिची सहा वर्षांची पोर, आत्ता तर इथे होती! हाका मारून मारून घसा बसला. रडत घरी आली, तर लिडी उंबऱ्यावर बसलेली.

"कुठे गेली होतीस गं?"

"घरी आले."

सासू, म्हातारी क्लोतिल्द, पोरीकडे बघतच राहिली. रिवाज केला होतास ना, एवढंच तिने विचारलं. रोझलीन हो म्हणाली. खोटं बोलताना मेली जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात तिने अंगणात औषध लावलेली चादर पसरली, कडेने फांद्या मांडल्या. लिडी आपणहून आली आणि मधोमध आडवी झाली. रोझलीनला बरंच वाटलं. कालपासून पोर गप्प होती. मग चादर धुतली. पान न् पान पांढरं उमटलं. मधोमध मात्र सलग, गर्द निळं. तिथे कुणी निजलंच नव्हतं म्हणा ना.

औषध कमीजास्त झालं असेल, असं रोझलीन पुटपुटली. क्लोतिल्दने मधल्या निळ्यावर बोट ठेवलं.

"खरं सांग. कापड ठेवलं होतंस?"

रोझलीनने मान हलवली. नाही.

"मग आत्ता जा. माफी माग, आपली पोर परत माग. आणि या पोरीदेखत... काही बोलू नकोस."

औषध लावलेलं एकच कापड उरलं होतं. ते काळ्या पिशवीत घालून ती धावत सुटली. फांदी तोडली तिथून ऊन थेट जमिनीवर पडत होतं. तिने कापड अंथरलं, वर कंद ठेवला, कपाळ टेकलं. माझा हात तोडा, पण माझी पोर द्या, म्हणून किती वेळ रडत राहिली. पाखरूही ओरडत नव्हतं. ओल्या पाल्याचा वास तेवढा दाटून आला होता.

डोकं वर केलं तेव्हा कापडाचा रंग बदलत चालला होता. कंदाच्या सावलीत पिवळं राहणार, हे तिला ठाऊक होतं. पण पिवळा डाग कंदाहून मोठा होता. कितीतरी मोठा...

तिने कापड जवळच्या ओढ्यात बुडवलं. आधी पावलं उमटली. मग गुडघे, फ्रॉकची झालर, दोन वेण्या. पांढऱ्याशुभ्र.

"लिडी... बाळा..."

कापड अंथरलं होतं तिथे ती परत धावली, जमीन चाचपू लागली. पालापाचोळा, माती, मुळं. दुसरं काही नाही.

"आई." मागे पायवाटेवर लिडी उभी होती. घरून एकटीच आलेली. "आई, घरी चल ना."

रोझलीनला उठता येईना. जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे कुणीतरी इवल्याशा बोटांनी तिची करंगळी घट्ट धरली होती. आणि ती पकड हळूहळू सैल होत होती.