तिसरी गाठ

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

मी सुतार आहे. नदी समुद्राला मिळते तिथे खाडीकाठी लाकडी पायवाट आहे. एकही पायरी नाही, चाकाची खुर्चीसुद्धा आरामात जाते. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी कडेने दोर बांधलाय. एक गाठ म्हणजे बाक. दोन म्हणजे उजवीकडे वळा. तीन म्हणजे थांबा, कारण तिथे उजवीकडे होड्यांचा उतार थेट पाण्यात जातो.

मागच्या वर्षी तो दोर मीच बदलला.

शेवटी दोर वीतभर कमी पडला. तिसरी गाठ बसेना. दोराचं दुकान बंद व्हायला आलं होतं, माझी पाठ धरली होती. म्हटलं, उद्या बघू. एका दिवसात काय आभाळ कोसळतंय?

दोनच गाठी मारून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भरती होती. गाण्याचे मास्तर रोजच्यासारखे एकटे फिरायला आले. जन्मापासून आंधळे, पण पाऊल कधी चुकलं नव्हतं.

त्यांच्या बोटांना दोन गाठी लागल्या…

ते उजवीकडे वळले.

लोक पाण्यात शोधत होते, तेव्हा मी दोराला तुकडा जोडून तिसरी गाठ मारली. कुणी पाहिलं नाही.

"मास्तरच चुकले," सगळे म्हणाले. मास्तरांच्या मुलाने तर सख्ख्या आईला चारचौघांत सुनावलं, "तूच मारलंस बाबांना! एकटं सोडलंस कशाला?"

मी तिथेच उभा होतो. मान खाली घालून.

तेव्हापासून रोज सकाळी तिसरी गाठ सुटलेली असते. दोर ओला… आणि चिखलाने माखलेला.

मी रोज बांधतो.

आता माझ्या आईचं ऐका. तिचे डोळे वर्षभरात गेले. मी नको म्हणत असताना ती पायवाटेवर जाऊ लागली. एकदा मी चिडलो.

"आई, एकटी मरायला जातेस का तिकडे?"

"एकटी कुठे? मास्तर असतात की सोबत."

आई त्यांना कधी भेटली नव्हती. ते गेल्याचंही तिला मी सांगितलं नव्हतं.

"चांगले आहेत रे. हात फार गार असतो त्यांचा, एवढंच. विचारत होते, तुमच्या लेकाने तिसरी गाठ कधी मारली?"

"पहिल्यापासून आहे," मी म्हणालो.

आईशी खोटं बोललो.

काल संध्याकाळी आई घरात नव्हती. मी धावत सुटलो. ती उताराच्या अगदी तोंडाशी उभी होती. पाणी पावलांना लागत होतं. दोराला दोनच गाठी…

मी तिला मागे ओढलं. ती हसत होती.

"घाबरलास होय? मास्तर म्हणाले, आज नको. आधी लेकाला माझ्या बायकोपुढे खरं बोलू दे, उद्यापर्यंत वाट बघतो."

ते "उद्या" म्हणजे आज.

दुपारी मास्तरांच्या दारापर्यंत गेलो होतो. बाई खिडकीत बसल्या होत्या. मुलगा वर्षभर त्यांच्याशी बोललेला नाही. मी बेल वाजवली नाही. परत आलो. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही.

म्हणून इथे लिहितोय. इथे माझं नाव कुणाला ठाऊक नाही. तुम्हा एवढ्या लोकांना सांगितलं म्हणजे सांगितल्यासारखंच झालं ना?

दाराला मी बाहेरून कुलूप लावलंय. किल्ली माझ्या खिशात आहे. मी पडवीत बसलोय. भरती चढतेय.

आत आई चपला शोधतेय…

"आले हो मास्तर," ती म्हणाली.

आता आतून आवाजच येत नाहीये.