एकवीस सुटी अक्षरे

"संदेश जुळायला सव्वीस तास," पडद्यावरचा आकडा वाचून डॉ. इस्माईल मुकादम म्हणाले. "आणि कुंदाकडे ऑक्सिजन आहे दोन तासांचा."

चांद्रतळाच्या नियंत्रणकक्षात सगळे पडद्यासमोर जमले होते. सकाळी भुयारात दरड कोसळली आणि भूवैज्ञानिक कुंदा सोनटक्के आतल्या आसराकोठीत अडकली. कोठीला डावा आणि उजवा असे दोन दरवाजे होते, दोन वेगळ्या बोगद्यांत उघडणारे. आतली कळ निकामी झाल्याने ते फक्त इथूनच उघडता येत होते. एखाद्याच्या पलीकडची हवा निघून गेली असेल, तर तो उघडताच कोठीतलीही हवा क्षणात संपली असती.

कोठीतला रेडिओ बंद पडला होता. कुंदा खडकातून कंपने पाठवत होती. एका कंपनात एक अक्षर किंवा एक काना-मात्रा. पण फुटलेल्या खडकातून प्रत्येक कंपन वेगळ्या वाटेने येई, त्यामुळे क्रम पार विस्कटून जाई. असे सतरा संदेश आले होते. सगळ्यांच्या जुळणीला वेळ नव्हता, म्हणून फक्त शेवटचा, एकवीस चिन्हांचा निवडला होता.

"प्रोग्राम प्रत्येक शब्द प्रत्येक शब्दाशी जोडून बघतोय," संगणकतज्ज्ञ शर्वाणी लोटलीकर एकदम उठून म्हणाली. "सर, थांबवते मी तो."

"थांबवतेस? एवढं झालेलं काम?"

"वाया जाऊ दे! हे बघा, यात 'घ' एकच आहे. कुठल्यातरी शब्दाला तो घ्यावाच लागणार. मग 'घ'च्या शब्दांपासूनच सुरुवात करू. त्यांत या एकवीस चिन्हांत मावणारे मोजकेच असतील. एक शब्द घेतला की त्याची चिन्हं वजा करायची, आणि उरलेल्यांत जे सर्वांत दुर्मीळ, त्याच्याकडे वळायचं."

"म्हणजे फांदीफांदी न चढता झाडच छाटायचं!" मुकादमांचे डोळे चमकले. "लिही, लवकर लिही!"

चाळीस मिनिटांत शर्वाणीने प्रोग्राम नव्याने लिहिला. तो चालला चार सेकंद.

डावा दरवाजा उघडा उजवा नको.

कक्षात आरोळी उठली. मुकादमांचा हात कळीकडे गेला आणि तिथेच थबकला. पडद्यावर दुसरी ओळ उमटली होती.

उजवा दरवाजा उघडा डावा नको.

"तीच अक्षरं," ते पुटपुटले. "दोन्ही उत्तरं बरोबर आहेत."

शर्वाणीने दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. प्रोग्राम कितीही वेगवान केला, तरी या दोन ओळींतली खरी कुठली ते त्याला कधीच सांगता येणार नव्हते. मग ती ओरडलीच, "सर, चार सेकंद! आता सगळे संदेश वाचता येतील!"

बाकीचे सोळा संदेश भराभर उलगडू लागले. बरेचसे असेच दुतोंडी निघाले. अकरावा आला: उजवा बोगदा फुटला.

"याचंही उलटं होत असेल," मुकादम म्हणाले.

"नाही होत! यात 'ड' नाहीच. 'डावा' लिहिताच येणार नाही!"

मुकादमांनी डावी कळ दाबली.

नऊ मिनिटांनी डाव्या बोगद्यातल्या ध्वनिक्षेपकावर धापा टाकणारा आवाज आला. "सर, सकाळपासून तेच तेच सांगून दमले मी. कुणी ऐकत होतं की नाही?"

शर्वाणीने माइक ओढून घेतला.

"ऐकत होतो कुंदाताई," रडता रडता हसत ती म्हणाली. "फक्त तुमचं बोलणं उलटसुलट येत होतं."