तारांमागचं गुणगुणणं

नॅशव्हिलमध्ये गिटार वाजवणाऱ्यांना तोटा नाही. पेट्रोल भरणारा वाजवतो, टपाल टाकणाराही वाजवतो. पण दुसऱ्याच्या गाण्यात मागे बसून, गाणाऱ्याच्या श्वासाला धक्का न लावता वाजवणारे थोडे. व्हर्ना टॅकेट त्या थोड्यांतली. केंटकीच्या डोंगरातून ती आली, आणि मग सकाळचं रेकॉर्डिंग, दुपारचं रेकॉर्डिंग, संध्याकाळचं रेकॉर्डिंग, असं करत तिची वर्षं गेली. आता ती स्टुडिओतल्या काचेच्या अलीकडे, निर्मातीच्या खुर्चीत बसायची.

त्या जूनमध्ये रेकॉर्ड कंपनीनं गायक हार्लन गॉफची तीन जुनी गाणी तिच्याकडे सोपवली. हार्लन जाऊन बरीच वर्षं झाली होती. गाणी झाडूनपुसून पुन्हा बाजारात आणायची होती. तिन्हीत गिटार व्हर्नाचीच. त्यांतल्या ओढ्याच्या गाण्यातल्या गिटारच्या सुरुवातीच्या ओळीनं तर तिचं नाव झालं होतं. शहरातली पोरं अजून ती ओळ शिकायची.

रॉस्को प्रुइट यंत्रांपाशी बसला होता. तिचं पहिलं रेकॉर्डिंग त्यानंच केलेलं. "हार्लन गेला स्वर्गात," तो म्हणाला, "आणि टेपवरचा खोकला ठेवून गेला माझ्या नशिबी." त्यानं पहिल्या गाण्यातले बाकीचे सगळे आवाज बंद केले आणि एकटी गिटार लावली.

बाहेर झाडांवर रातकिडे भरदुपारी ओरडत होते. खोलीत मात्र तारांचा आवाज होता, आणि दोन तारांच्या मध्ये, दूर कुठेतरी, कुणीतरी गुणगुणत होतं.

"कोण आहे ते?"

"गळती. कुणाच्यातरी हेडफोनमधून तुझ्या माइकमध्ये गेलं असेल."

"लहान पोर आहे, रॉस्को."

"मग हार्लनचं असेल. त्याची किती होती ते त्यालाही माहीत नव्हतं."

व्हर्ना हसली नाही. सूर थोडा खाली यायचा, थबकायचा, आणि जिना चढताना पाऊल चुकावं तसा एकदम वर जायचा. घरी तिची तीन वर्षांची डेला राजमा खाताना, बुटात पाय घालताना, झोप लागता लागता हेच गुणगुणायची. आणि ही टेप भरली तेव्हा व्हर्नाचं लग्नही झालेलं नव्हतं.

"काढू ना?" रॉस्कोनं विचारलं.

बाकी काय करणार? आवाज स्वच्छ हवा. "काढ," ती म्हणाली.

संध्याकाळी फे मावशीनं दार उघडलं. व्हर्ना कामावर गेली की डेलाला तीच सांभाळायची. "आज पोर गप्प आहे गं. मक्याचा पाव पुढ्यात ठेवला तरी हूं नाही की चूं नाही."

डेला खिडकीत बसली होती. तिचे ओठ मिटलेले होते आणि मान मात्र हलत होती, जशी गुणगुणताना हलायची.

सकाळी डेला पायरीवर पडली. गुडघा फुटला. तिनं तोंड उघडलं, डोळ्यांतून पाणी घळघळलं, चेहरा लालबुंद झाला. आवाज आला नाही. व्हर्नानं तिला उचलून छातीशी धरलं. ते इवलं अंग हुंदक्यांनी गदगदत होतं, आणि घरात फक्त घड्याळ ऐकू येत होतं.

डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं. "घसा अगदी स्वच्छ आहे," ते म्हणाले.

डेलाला मावशीकडे सोडून व्हर्ना तशीच स्टुडिओत गेली. रॉस्को खुशीत होता. "दुसरं गाणंही झालं बघ सकाळी. त्यातही होतं ते. काढून टाकलं."

"परत आण."

"काय?"

"तो आवाज. दोन्ही गाण्यांतला. परत आण."

त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता कामाला लागला. केलेलं पुसलं. मग कपाटातून मूळ टेपा काढून लावल्या. मूळ टेपांना तर कुणी हातही लावला नव्हता.

तिथेही गुणगुणणं नव्हतं.

"पोरी, हे मला समजत नाही," रॉस्को हळूच म्हणाला.

राहिलं होतं ओढ्याचं गाणं. त्यानं ते लावलं. तारांच्या मागे तो सूर होता, पण बारीक. भिंतीपलीकडच्या खोलीतून यावा तसा. प्रत्येक वेळी ऐकताना आणखी बारीक होत होता.

"वाढव त्याला."

"वाढवला की गिटारही वाढते. एकाच माइकमध्ये गेलंय दोन्ही. हे यंत्र एकच करतं. एक ठेवतं, दुसरं काढतं."

व्हर्ना काचेतून पलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. उन्हाचा एक पट्टा खुर्चीवर पडला होता आणि त्यात धूळ सावकाश फिरत होती. त्याच खुर्चीत बसून तिनं ती ओळ वाजवली होती. वाजवताना खोलीत कुणीतरी आपलं माणूस आहे असं वाटलं होतं. म्हणूनच ती ओळ तशी आली होती.

"गिटार काढ," ती म्हणाली.

"डोकं फिरलं का तुझं? अगं, ती ओळ म्हणजे तू आहेस."

"तिन्ही गाण्यांतून काढ."

"कंपनी पुन्हा दारात उभं करणार नाही तुला."

ती त्याच्यावरून वाकली आणि कळ तिनंच दाबली. एकदा. दुसऱ्यांदा.

तिसऱ्यांदा दाबली, तेव्हा खोलीभर फक्त डेला गुणगुणत होती. स्वच्छ. अगदी कानाशी.

रॉस्को डोळे मिटून ऐकत राहिला. "काय गाणं आहे," तो म्हणाला. "म्हणूनच हार्लननं यात कधी गिटार घेतली नाही."

मग त्यानं मान वळवली आणि दचकला.

"माफ करा हं, बाई. तुम्ही आत आल्याचं कळलंच नाही. कुणाला भेटायचं होतं?"

त्याच्या डोळ्यांत थट्टा नव्हती. व्हर्नानं पर्स उचलली, आणि ती उन्हात बाहेर पडली.

घराच्या फाटकापाशीच तो सूर ऐकू आला. डेला धावत आली, बिलगली, आणि तिच्या मानेत तोंड खुपसून गुणगुणत राहिली. त्या कोवळ्या, गरम श्वासानं व्हर्नाचे डोळे भरून आले.

फे मावशी ओट्यावर शेंगा निवडत होती. "सकाळपासून गातेय बघ. कुणावर गेलीय कोण जाणे. आपल्या घरात तर कधी कुणी वाद्याला हात लावला नाही."

"मावशी," व्हर्ना म्हणाली, "माझी गिटार—"

"कसली गिटार गं?"

व्हर्नानं डेलाच्या गालावरून डावा हात फिरवला, आणि फिरवता फिरवता थांबली. हात उन्हात धरून पाहिला. इतक्या वर्षांच्या तारांनी बोटांच्या टोकांना पाडलेले घट्टे कुठेच नव्हते. टोकं गुलाबी होती. अजून जमिनीला न टेकलेल्या तान्ह्या तळव्यांसारखी मऊ.