मोताळ्याची मरगळलेली मोटर

"कलीमले बेड्या घाला!"

असं ओरडतच किसनराव शेगावच्या त्या माडीवरच्या खोलीत शिरले, आणि महादेवरावांच्या हातातली कचोरी खाली पडली.

खोली मुबीना पटेलची. शिक्षणानं इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर, धंद्यानं खासगी गुप्तहेर. महादेवराव तिचे मदतनीस, एसटीतले निवृत्त कंडक्टर. गुन्हेगार चेहऱ्यावरून ओळखता येतो, अशी त्यांची ठाम समजूत. आजवर एकही ओळखला नव्हता, पण समजूत शाबूत होती.

"बसा, अन् नीट सांगा," मुबीना म्हणाली.

"मोताळ्यात माझं जिनिंग हाये, कापसातली सरकी काढायची मिल. कापूस आत ढकलणारी मोटर झ्याकपैकी उठते, अन् मंग आपोआप मरगळते. वेग बदलला का पुन्हा उठते, पुन्हा झोपते. गावातल्या त्या कलीम मेकॅनिकनं मोटरचा वेग ठरवणारं कार्ड दुरुस्त केलं तवापासून हे नाटक! चोवीस बिटाचं कार्ड हाये बाई, एवढं भारी कार्ड बिघडते कसं? त्यानंच आत काई केलं."

"त्याले विचारलं?"

"फाटकातही येऊ देत नाई मी त्याले!"

मुबीना आणि महादेवराव किसनरावांसोबत मोताळ्याला पोचले, तेव्हा फाटकाबाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती आणि आभाळ भरून आलं होतं. तानाबाई नावाची शेतकरीण ताडपत्री ओढत किसनरावांवर तुटून पडली. "अळी लागू नये म्हून महागाचं बीटी बियाणं पेरलं. तरी अर्धंच पीक आलं, अन् तेही आता तुमच्या दारात भिजवू का?"

"तू बीटीतलं जुनं बीजी-वन पेरलं असशील," किसनराव म्हणाले. "मी बीजी-टू पेरलं. आकडा मोठा, त माल मोठा!"

तानाबाईनं ताडपत्रीचा दोर असा आवळला, की महादेवरावांनी नकळत स्वतःचा गळा चाचपला.

कलीमचं दुकान बसस्टँडमागं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. किसनरावांनी गावभर केलेल्या बोंबेचा तो परिणाम.

"मिलचं कार्ड मीच बनवलं, बारा बिटाचं," कलीम म्हणाला. "कोकिळाबाईच्या ऑर्केस्ट्राचं पण माझंच, चोवीस बिटाचं. एकाच मापाची, एकाच पिनांची. दोन्ही दुरुस्त करून पिशव्यांत घातली, वर नावं अन् बिटांचे आकडे लिहिले. मी नमाजले गेलो, तवा सेठ आपली पिशवी घेऊन गेले. बाई मागून आल्या."

"चेहरा पडलेला हाये बेटी," महादेवराव कुजबुजले. "हाच तो."

"काका, धंदा बसला तर तुमचाही पडेल."

कोकिळाबाई ऑर्केस्ट्राच्या मालकीण. त्या भडकलेल्याच होत्या. "रोहिणखेडच्या कार्यक्रमात नाचाची गाणी निभली. पण हळू गाणं सुरू केलं, की खरखर! लोक म्हणे, बाई, कढईत वाळू भाजून राह्यल्या का?"

"गुन्हेगार सापडला," महादेवराव म्हणाले. "खरखरीचं खोटं सांगून राह्यल्या."

मुबीना हसली आणि सगळ्यांना, ऑर्केस्ट्राच्या माईक-स्पीकरसकट, घेऊन मिलवर गेली. कलीमलाही.

"संगणक आकड्यांत बोलतो," तिनं सुरुवात केली. "मोटर अन् स्पीकरले फक्त व्होल्टेज कळते. मधला दुभाष्या म्हणजे हे कार्ड. पण प्रत्येक कामाचा दुभाष्या वेगळा. गाणं म्हणजे नुसती थरथर. म्हणून गाण्याच्या कार्डाच्या तोंडाशी कपॅसिटर असतो. तो थरथर जाऊ देतो, स्थिर व्होल्टेज अडवतो. मोटरले नेमकं स्थिर व्होल्टेज लागते. हे कार्ड तिथं बसवलं तर वेग बदलताना एक धक्का पोचतो, मग ओसरतो. मोटर उठते, अन् झोपते."

"अन् माझी खरखर?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"आकड्याचं व्होल्टेज पायऱ्यापायऱ्यांनी होते; बिटं कमी, तर पायऱ्या मोठ्या. बारा बिटाच्या मोठ्याच. मोटरले चालतात. मोठ्या आवाजात झाकल्याही जातात. हळू सुरात कानाले टोचतात. कार्डांची अदलाबदल झाली."

"कलीमच!" किसनराव ओरडले.

"कलीमभाईनं मोटरचं लक्षण ऐकताच ओळखलं असतं. पण तुम्ही त्याले आत येऊ दिलं नाही. कोकिळाबाई स्वतःचाच कार्यक्रम बिघडवणार नाहीत. अन् किसनराव, तुमच्या मिलचं कार्ड तर बारा बिटाचं. मग सकाळी तुम्ही 'चोवीस बिटाचं' कशावरून म्हणालात?"

किसनराव हळूच फाटकाकडे सरकू लागले.

"दुकान रिकामं होतं. दोन पिशव्या, दोन आकडे. मोठा आकडा म्हणजे मोठा माल. तुम्ही आतली कार्डं बदलली."

"मले वाटलं, बाईले गाण्यापुरतं बारा पुरे," किसनराव पुटपुटले.

कलीमनं दोन्ही कार्डं जागेवर बसवली. मोटर उठली, आणि उठलेलीच राहिली. पहिला ट्रॅक्टर आत घेतला तो तानाबाईचा.

"पोलिसात नाई जात मी," कलीम शांतपणे म्हणाला. "पण बोंब गावभर झाली. माफी पण गावभर पाह्यजे."

कोकिळाबाईंनी तिथल्या तिथं माईक जोडला. किसनराव दबक्या आवाजात बोलू लागले. पण कार्ड आता चोवीस बिटाचं होतं. त्यांचा एकेक आवंढा, एकेक हुंदका बाजारापर्यंत स्वच्छ पोचला.

"काऊन थांबले सेठ?" तानाबाई ट्रॅक्टरवरून ओरडली. "पुन्हा सांगा, सुरुवातीपासून! आवाज लय साफ येऊन राह्यला!"