जेवढं हललं तेवढंच

तिने पेन ड्राइव्ह काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "यात माझे बाबा आहेत. पण दिसत नाहीत."

सीसीटीव्ही कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याने मान वर केली आणि... झालं! एरवी कुणाकडे धड न बघणारा हा गडी पहिल्याच नजरेत गारद झाला. वेळ मात्र भलतीच होती. तिचे बाबा जाऊन जेमतेम आठवडा झाला होता.

स्वतःच्या चष्म्याच्या दुकानात, भर दुपारी, एकटे असताना ते कोसळले. चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी लेकीला फोन केला होता. ती मीटिंगमध्ये होती, तिने कट केला. सहा वाजता शेजारच्या दुकानदाराने त्यांना पाहिलं. बाबा लगेच गेले, की आपली वाट बघत पडून राहिले – एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. दुकानातल्या सीसीटीव्हीचं चित्रण तिने पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं होतं, पण तिच्या जुन्या लॅपटॉपवर पडदा काळाच.

"रेकॉर्डरने नव्या फॉरमॅटमध्ये दाबून भरलंय," तो म्हणाला. "तुमच्या लॅपटॉपला तो उलगडत नाही. जुन्यात करून देतो. उद्या या."

काम वीस मिनिटांचं होतं. दुसऱ्या दिवशी ती आली, तर पुन्हा "उद्या"! लबाड कुठला.

"काय डॉक्टर, पेशंट वाचणार ना?" तिने पेन ड्राइव्हकडे बोट दाखवत विचारलं.

त्याने लगबगीने स्टूल पुढे केलं, फाइलींची यादी उघडली. "रेकॉर्डर महाआळशी असतो. पूर्ण चित्र अधूनमधूनच काढतो. मध्ये फक्त जेवढं हललं तेवढंच लिहितो. ही बघा, दर दहा मिनिटांची एक फाइल. रिकामं दुकान – सहा एमबी. गिऱ्हाईक आलं की वीस-पंचवीस."

"मग मी आत्ता किती?"

"तुमचे हात थांबतच नाहीत... तीस तरी."

"आणि तुम्ही?"

"मी... मघापासून सहाच. नुसता बघत बसलोय."

ती खळखळून हसली. मग हसल्याचंच वाईट वाटून तिने तोंडावर हात ठेवला.

ती गेल्यावर त्याने काम उरकलं आणि तो तुकडा पाहिला. शेवटपर्यंत पाहिला.

तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा त्याचं ठरलं होतं. "चार वाजून अकरा मिनिटं. एका क्षणात गेले. त्रास झाला नाही. तुम्ही... बघू नका."

तिने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. उघडले तेव्हा समोरच्या पडद्यावर कालची यादी तशीच होती. चार दहा – बावीस. चार वीस – एकोणीस. चार तीस – अकरा. चार चाळीस – सहा. पुढे सगळ्या सहा.

तिचं बोट अकरावर थांबलं. "कुणी आत आलं होतं?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"पंखा चालू होता?"

"नाही."

"म्हणजे बाबाच हलत होते. अर्धा तास," ती म्हणाली आणि हमसून हमसून रडू लागली.

"मला बघवलं नसतं तुम्हाला असं... म्हणून खोटं बोललो," तो कसाबसा म्हणाला. "काम पहिल्याच दिवशी झालं असतं. तुम्ही पुन्हा यावं म्हणून लांबवलं. मला तुम्ही आवडता. आणि हे सांगायची ही वेळ नाही, कळतंय मला."

तिने डोळे पुसले.

"पुन्हा कधी माझ्याशी खोटं बोलू नका."

"नाही."

"लावा ते. फोन उचलला नाही मी... निदान आता तरी त्यांच्याजवळ बसते."

त्याने दुकानाचं दार लावलं, व्हिडिओ सुरू केला आणि तिला एकटीला बसू द्यावं म्हणून मागे सरकला.

"कुठे चाललात? बसा इथे."

तो बसला. चार दहापासून चार चाळीसपर्यंत तिने त्याची बाही सोडली नाही.