आठवी बाटली

माझा बूट चिखलात रुतला आणि आमची ओळख झाली.

त्याच्या वडिलांनी हौसेने बांधलेलं ते छोटंसं मातीचं धरण. सुट्टीच्या दिवशी लोक तिथे होड्या वल्हवायला येत. मी पाटबंधारे खात्यातर्फे तपासणीला गेले होते. पायथ्याशी ओल दिसली म्हणून पुढे झाले, तर पाय घोट्यापर्यंत आत!

"मॅडम, इतकी खोल तपासणी?" त्याने हात पुढे केला. धरावा की नाही... ठरेपर्यंत धरला होता.

तिथून पाणी पाझरत होतं. नितळ होतं, म्हणून भीती नव्हती. गढूळ झालं, तर धरणाची माती आतून वाहून चालली असं समजायचं.

"दर सोमवारी या पाण्याची एक बाटली ऑफिसात आणून द्या," मी बजावलं. "आठही नितळ निघाल्या, तर फाईल बंद."

तो सोमवारी यायचा. कधी गुरुवारीही.

"आज कुठे सोमवार आहे?"

"पाण्याला वार कळत नाही ना, मॅडम."

आमच्या टायपिस्टबाई डोळे मिचकावत. "अगं, हा पाणी दाखवायला येतो की तुला बघायला?"

सातवी बाटली नितळ निघाली, तेव्हा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. का, कोण जाणे.

आठवी गढूळ होती. टेबलावर ठेवून तो निघून गेला होता.

मी तशीच धावले. "होड्या थांबवा, तळं रिकामं करा!" ओरडतच पायथ्याशी पोचले. त्याचे वडील पाणी सोडायची झडप उघडायला निघाले होते.

पाझर मात्र नितळ होता.

"थांबा, बाबा!" तो मधे आला. मान खाली. "बाटलीत माती मी घातली. फाईल बंद झाली असती, मग मॅडम..."

"आणि तळं रिकामं झालं असतं म्हणजे? यापुढे तुमच्यावर विश्वास कसा ठेवू?"

मी रागावले होते, हे खरं. पण त्याचा चेहरा पाहून हसू येत होतं, आणि हसू आलं म्हणून पुन्हा राग. डोळे कशाने भरले, तेही कळेना.

मी स्वतः बाटली भरली, उन्हात धरून पाहिली. बांधावर बसून शेवटची सही केली.

"म्हणजे आता तुम्हाला इथे यायचं काही कारण नाही," तो पुटपुटला.

"नाही."

फाटकापर्यंत गेले. थांबले. मागे वळून न बघता म्हणाले, "रविवारी येईन... विनाकारण."