घाटाआधीचं लाल तेल

"सगळ्या गाड्यांना चालतं, मॅडम!" दुकानदाराने हिरवी बाटली काउंटरवर ठेवली आणि माझं डोकंच सणकलं.

गेल्या आठवड्यात काकांनी याच शब्दाच्या भरवशावर बाबांच्या जुन्या जीपच्या पॉवर स्टिअरिंगच्या टाकीत हाताला लागलं ते तेल ओतलं होतं. कालपासून वळणावर स्टिअरिंग कण्हायचं, आणि मध्येच असं जड व्हायचं की दोन्ही हातांनी ओढूनही हलत नसे. आई घाटावरच्या घरी एकटी होती. उद्या सकाळी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, तिला आजच खाली आणायचं होतं आणि त्या फुटक्या रस्त्यावर अशीच उंच गाडी टिकते. वळणावर स्टिअरिंग अडलं, तर पुढे दरी. जुन्या ग्रंथांच्या संपादनात एका संशयास्पद अक्षरापायी आठवडा घालवणारी मी, आईचा जीव या 'चालतं'वर सोडणार होते?

"या गाडीत मुळात कुठलं ऑइल असतं?" मी थंडपणे विचारलं.

"माहीत नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

इतकं प्रामाणिक वाक्य मी बऱ्याच काळात ऐकलं नव्हतं. वळून पाहिलं... किंचित वाकलेला, उंच माणूस. बाहीवर गवताची काडी. तो जनावरांचा डॉक्टर होता. त्याची तशीच म्हातारी जीप बाहेर माझ्या जीपला खेटून उभी होती.

"माहीत नाही, तर बोललात कशाला?"

"माहीत करून घेता येईल म्हणून. टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं."

"ते पुसलं गेलंय."

"मग पेशंटलाच विचारू."

त्याने बॉनेट उघडून पांढऱ्या रुमालाचं टोक टाकीत बुडवलं. तपकिरी डाग पसरला — आणि त्याच्या कडेने हळूहळू एक लालसर रेघ उमटली. आम्ही दोघंही वाकून पाहत होतो. मी बाजूला सरकले, पण जरा उशिराच.

"मुळात लाल असावं," तो म्हणाला. "ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल. जुन्या गाड्यांना पुष्कळदा तेच लागतं."

"एका डागावरून?"

"आणखी पुरावा हवा?"

"हवा."

तो मीच मिळवला. झाकणावर पातळ कागद ताणून पेन्सिल तिरकी घासली. झिजलेल्या कोरीव लेखांचे ठसे आम्ही असेच घेतो. करड्या रंगातून तीन अक्षरं वर आली — ए, टी, एफ.

"म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, लाल ऑइलच!" तो कागदाकडे नाही, माझ्याकडे पाहत म्हणाला. "हे मला जन्मात सुचलं नसतं."

"मग वरून ओतूया?"

"अर्धवट धुतलेली जखम मी बांधत नाही. आधी जुनं सगळं काढायचं."

त्याने पुढची चाकं जॅकवर उचलली, नळी सोडवून काळपट तेल डब्यात उतरवलं आणि लाल ऑइल भरलं. मी स्टिअरिंगवर बसले.

"डावीकडे... पूर्ण. आता उजवीकडे. हळू हो, तिला बोलता येत नाही!"

"तुम्हाला मुक्या पेशंटांचीच सवय दिसते."

"बोलणाऱ्यांची भीती वाटते."

"माझी?"

बॉनेटमागे त्याने डोकं आणखी खाली घातलं. "...सगळ्यात जास्त."

टाकीत फेस आला होता. फेस खाली बसेपर्यंत मी त्याला आईचं आणि उद्याच्या ऑपरेशनचं सांगितलं. घाटावर धुकं उतरत होतं.

"आता नाही ना अडणार?"

"अडू नये. पण आतली रबरी सील बिघडली असली तर... खात्री नाही देता येत."

आयुष्यभर खोट्या दिलाशांवर दात खाणाऱ्या मला त्या क्षणी एक खोटा दिलासाच हवा होता.

"आईंना माझ्या गाडीतून आणू?"

"अनोळखी माणसाच्या गाडीत ती पाय ठेवणार नाही."

"आणि तुम्ही?"

"मीही नाही."

"मग मी मागून येतो. अडलीच तर ओढायला दोर आहे माझ्याकडे."

घाटात प्रत्येक वळणाला माझा श्वास अडकत होता. आरशात धुक्यातले दोन पिवळे दिवे... दिसायचे, हरवायचे, पुन्हा दिसायचे. सगळ्यात अवघड वळणावर स्टिअरिंग तळव्याखाली निमूट फिरलं. माझा विश्वास बसला नाही. पुढच्या वळणावरही नाही.

आई पिशवी घेऊन दारातच उभी होती. "दोन गाड्या ऐकू आल्या. कोण गं बरोबर?"

"डॉक्टर."

"माझे?"

"जनावरांचे."

"मग तुझ्याच उपयोगाचे," आई म्हणाली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

डॉक्टरने तोंड फिरवून हसू लपवलं. मग रुमालाची स्वच्छ बाजू माझ्या जीपखाली अंथरली, मला स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवायला लावलं आणि रुमाल उचलून दाखवला. कोरडा.

"गळत नाहीये. तुम्ही निघा. मला पुढच्या गोठ्यात एक गाय बघायचीये."

सकाळपासून मला हेच हवं होतं. मग छातीत पुन्हा त्या वळणासारखं का झालं?

"गाय बघायला किती वेळ लागतो?"

"अर्धा तास. पण उतारावर आता माझी गरज नाही पडणार..."

"माहीत आहे," मी म्हणाले आणि इंजिन बंद केलं.